अब्बांची साक्ष

मी नववीला जो धडा शिकवते त्यात अमेरिकेतल्या नागरी हक्कांच्या लढ्याला सहा ओळी दिल्या आहेत. काळ्या लोकांना गोऱ्यांपासून वेगळं ठेवलं जाई, त्यांनी लढा दिला, कायदे बदलले, संपलं. परीक्षेला आली तर एखादी रिकामी जागा येते. त्या सहा ओळींवर मी चार तास घेते. आमच्या मुख्याध्यापकांना हे अजिबात पटत नाही. दरवर्षी ते मला बोलावून अभ्यासक्रम किती मागे राहिलाय ते दाखवतात, दरवर्षी मी ‘हो सर’ म्हणते, आणि बाहेर येऊन पाचवा तासही त्यावरच घेते. बावीस वर्षं हे असंच चाललंय, आता त्यांनाही सवय झाली असावी.

पहिल्या तासाला मी वर्गातल्या बाकांची बस करते. पुढच्या रांगा एकांच्या, मागच्या दुसऱ्यांच्या, आणि मधल्या अशा, की पुढे गर्दी झाली की तिथल्यांनी उठायचं. कोण कुठे ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. पहिली पाच मिनिटं खिदळण्यात जातात. मग पुढची मुलं खरोखरच ऐटीत बसायला लागतात, मधलं कोणीतरी ‘मी का उठू?’ म्हणून भांडायला लागतं, आणि मला जे शिकवायचं असतं ते त्यांचं त्यांना कळतं.

दुसऱ्या तासाला मी नळांवर येते. तिकडे पाणी प्यायचे नळसुद्धा वेगळे असत. एकाच भिंतीवर दोन नळ, एक गोऱ्यांचा, एक काळ्यांचा. हे सांगताना माझा आवाज चढतो. मुलांना वाटतं, बाई रंगात आल्या. पण त्याचं कारण माझे अब्बा आहेत, आणि ते सांगायचं तर जरा मागे जायला हवं.

माझ्या लहानपणी अब्बा बाहेर होते. दाभोळच्या खाडीकाठच्या आमच्या गावात एवढं म्हटलं की पुरे व्हायचं. बाहेर म्हणजे आखातात, हे कोणी फोड करून सांगत नसे, कारण दर दुसऱ्या घरातला बाप नाहीतर भाऊ तिकडेच असायचा. दोन वर्षांतून एकदा दीड महिन्याची रजा. तेवढाच बाप. बाकीचे दिवस आमच्याकडे त्यांचा आवाज यायचा, कॅसेटमध्ये.

तेव्हा पत्रापेक्षा टेप पाठवायची पद्धत होती. कोणी रजेवर यायला निघाला की त्याच्या बॅगेत दहा घरांच्या कॅसेटी असायच्या. आमची टेप आली की ओटीवर पंधरा-वीस माणसं जमायची. टेप ऐकणं हा काही एकट्यादुकट्याचा कार्यक्रम नव्हता. अब्बांनाही ते ठाऊक होतं, त्यामुळे ते सगळ्यांशी बोलायचे आणि कोणाशीच बोलायचे नाहीत. आधी सगळ्यांना सलाम, मग थोरल्या चाच्यांचा गुडघा, मग मोहर कसा आहे, मासळी कशी लागतेय. मग नेहमीचं: ‘मी मजेत हाय. इथं सगळा बरा हाय. तुमी काळजी करू नका.’ सगळ्यात शेवटी माझी पाळी. ‘शाळंत जातंस ना गो? नीट शीक.’ की टेप संपली.

माणसं उठून गेली की मी ती मागे घेऊन तेवढंच पुन्हा पुन्हा ऐकायची. इतक्यांदा, की एका कॅसेटची तेवढी जागा झिजून अब्बांचा आवाज घोगरा झाला. त्या आवाजामागे एक पंखा घरघरत असायचा. तो कुठल्या खोलीत असेल, त्याखाली अब्बा कसे बसले असतील, शेजारी कोण असेल, हे मी रचत बसायची. मला त्या पंख्याचा हेवा वाटायचा, खरंच सांगते.

उत्तराची टेपही आम्ही सगळ्यांच्या देखतच भरायचो. अम्मी ओढणी सारखी करून मशीनसमोर बसायची, ‘इथं खुशाली हाय’ म्हणायची आणि उठायची. एकदा मी मनाशी ठरवलं होतं, की विचारायचं, ‘अब्बा, तुम्ही तिकडे काय करता?’ माझी पाळी आली तसं चाचा म्हणाले, ‘शाळंतली कविता म्हण.’ मी कविता म्हटली. चार कडव्यांची होती. टेप तिथेच भरली.

अब्बा कायमचे परत आले तेव्हा मी कॉलेजात होते. पुढे मला रत्नागिरीत नोकरी लागली. लग्न केलं नाही, तो वेगळा विषय आहे आणि ज्यांना त्यावर बोलायचं होतं ते बोलून थकले. अम्मी गेल्यावर मी अब्बांना माझ्या घरी घेऊन आले. चाळिशीला टेकलेली बाई मी, पण त्यांची बॅग आतल्या खोलीत ठेवताना मला वाटलं, आता एकदाचे हे माझ्या वाट्याला आले.

ते सकाळी चालत मिरकरवाड्याला जायचे, बांगडे नाहीतर सौंदाळे घेऊन यायचे, ते स्वतः साफ करायचे आणि त्या कामात कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. संध्याकाळी चहाला बसलो की मी विचारायची, ‘अब्बा, तिकडे तुमचं काम नक्की काय होतं?’

‘कंपनीत होतो.’

‘कंपनीत काय?’

‘जा सांगतील ता. त्यात काय सांगायचा हाय, बेटा.’ आणि ते कपबशा उचलून विसळायला न्यायचे. एका छपराखाली राहूनही मला टेपवरचंच मिळत होतं. माझा जीव नुसता तडफडायचा.

मला जे थोडंफार ठाऊक होतं ते एका चाच्यांकडून. ते अब्बांच्याच कॅम्पात होते. एका लग्नात जेवताना ते सहज बोलून गेले, ‘तिकडं पाण्याचे नळ येगळे होते. साहेबांचा येगळा, आमचा येगळा, हबशांचा येगळा.’ हबशी हा शब्द त्यांनी तसाच टाकला, जसा आमच्याकडे सगळे टाकतात, कुरळ्या केसांच्या पोराला चिडवतानाही टाकतात. इतिहासाची शिक्षिका म्हणून मी त्या शब्दापाशी थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. मी एवढंच उचललं, की माझ्या अब्बांना साहेबांच्या नळाला तोंड लावता येत नव्हतं. त्या दिवसापासून मी धडा शिकवताना मनातल्या मनात अब्बांना बसच्या मागच्या रांगेत बसवायला लागले. त्यांनी सोसलंय, म्हणून ते बोलत नाहीत. मीच खटला चालवला आणि मीच निकाल दिला.

आठ वर्षांपूर्वीच्या नववीत एक मुलगी होती. देवरूखकडच्या गावातली, मामाकडे राहून इथे शिकणारी, फारशी न बोलणारी. नळांचा तास झाला आणि मी नेहमीचा प्रश्न विचारला, ‘आपल्याकडे असं काही?’ वर्ग नेहमीसारखा म्हणाला, ‘पूर्वी होतं, बाई.’ तेव्हा ती उभी राहिली.

‘आमच्या वाडीची इहीर येगळी हाय,’ ती म्हणाली. ‘अजून.’

मी म्हटलं, ‘कायद्याने तर कुठल्याही विहिरीवर जाता येतं.’

‘येतं की. कोन काय बोलनार पन नाय. दुसऱ्या दिवशी इहीर उपसतील, एवढंच.’

ती खाली बसली. त्याच भागातली आणखी दोन मुलं वर्गात होती, त्यांनी मान वर केली नाही. मी घाईने गृहपाठ दिला. आम्हा मास्तर लोकांचा तो शेवटचा आसरा.

तो गृहपाठ असा होता. वर्गातल्या निम्म्याअधिक मुलांच्या घरचं कोणी ना कोणी मुंबईला नाहीतर आखातात होतं. अशा कोणालाही गाठायचं आणि एका पत्रकावर चार प्रश्नांची उत्तरं लिहून आणायची. माणसांना कुठे कुठे वेगळं ठेवलं जायचं? ते कोण ठरवायचं? वेगळं ठेवण्याचं काम कोणाकडे असायचं? आणि तुम्ही तेव्हा काय केलंत? शिक्षकांच्या खोलीत चहा पिता पिता मी हे प्रश्न पाच मिनिटांत लिहिले. नमुना म्हणून एक मुलाखत वर्गातच घ्यायची ठरवली, आणि पाहुणाही मीच ठरवला. मुलांचं नुसतं निमित्त होतं. माझ्यापुढे नाही, तर नातवंडांच्या वयाच्या पोरांपुढे तरी ते बोलतील, हा माझा डाव होता.

अब्बा इतके खूश होतील असं मला वाटलं नव्हतं. पांढरा सदरा इस्त्रीला टाकला. टोपी दोनदा बदलली. बाहेरून आलेल्या माणसाने रिकाम्या हाताने जायचं नाही, हा त्यांचा तिकडचा नेम, म्हणून चॉकलेटांचा मोठा डबा घेतला. रिक्षात मला हळूच म्हणाले, ‘मना कठीण नाय ना विचारणार?’ मी म्हटलं, ‘तुम्हाला येईल तेवढंच विचारतील.’ ते मोठ्याने हसले. रिक्षावाल्याने वळून बघितलं.

वर्गात ते छान बोलले. उंटाने कोणाची चादर खाल्ली, शुक्रवारी वाळूत क्रिकेट कसं चालायचं, पठाण आणि मलबारी रेडिओवरून कसे भांडायचे, चाळीस जणांची बिर्याणी त्यांनी कशी करपवली. मुलं पोट धरून हसली. मी मात्र मागे उभी राहून वाट बघत होते. मग ती देवरूखची मुलगी उभी राहिली, जिच्या विहिरीचं मी अब्बांना घरी सांगितलं होतं. ‘आजोबा, तुमच्यात पानी येगळं होतं काय?’

अब्बांनी तिच्याकडे बघितलं. ‘नाय, बाळा. सगळ्यांना एकच पानी. तिकडं सगळा बरा होता.’

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तेच वाक्य, तोच सूर, इतक्या वर्षांनी, माझ्याच वर्गात. मी म्हटलं, ‘अब्बा, नळ वेगळे होते ना?’ ते म्हणाले, ‘नव्हते गो.’ आणि मग मी फळ्याकडे वळले आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: साधनांची चिकित्सा.

‘मुलांनो,’ मी म्हटलं, ‘साक्षीदार समोर बसलाय म्हणजे तो खरंच सांगतो असं नाही. तो काय वगळतो ते बघायचं. या साक्षीत काय वगळलं असेल, कोण सांगेल?’

चार-पाच हात वर झाले. ‘अपमान वगळला असेल, बाई.’ मी शाब्बास म्हटलं आणि फळ्यावर लिहिलं. ‘लाज वाटत असेल.’ तेही लिहिलं. ‘आपल्या मुलीसमोर सांगायचं नसेल.’ तेसुद्धा लिहिलं, हाताला लाज न वाटता. खडू खाली ठेवून मागे वळले तेव्हा अब्बा चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत होते. तास संपल्यावर त्यांनी प्रत्येक मुलाच्या हातात चॉकलेट दिलं. त्याला बराच वेळ लागला.

घरी जाताना ते एवढंच म्हणाले, ‘पोरां हुशार हायत तुझी.’

संध्याकाळपर्यंत मला मी बरोबरच वाटत होते. दुसऱ्या दिवशी ते मिरकरवाड्याला गेले नाहीत तेव्हा मनात चरकलं. तिसऱ्या दिवशी गेले, मासे आणले, साफ केले, सगळं पूर्ववत झालं. फक्त चहाला बसल्यावर मी विचारायची बंद झाले. माफी मागायची म्हणजे त्या तासाचा विषय काढायचा, आणि तो काढायचं धैर्य मला झालं नाही. आज काढू, ईदला काढू, सुट्टीत काढू, असं करत चार वर्षं गेली. मग एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मला धड आठवत नाही. कॅसेटी होत्या, पण त्यांना बुरशी धरलेली आणि वाजवायचं मशीन केव्हाच मोडीत गेलेलं. मिरकरवाड्याला कधी गेलेच तर चांगले सौंदाळे दिसले की हात आपोआप पुढे व्हायचा आणि मग लक्षात यायचं, साफ कोण करणार. शाळेतून आल्यावर मी चहा दोन कप टाकायची. अब्बांनी खरं सांगावं असा हट्ट माझा उरला नव्हता. उंटाची आणि करपलेल्या बिर्याणीची तीच गोष्ट त्यांनी दहा वेळा सांगितली असती तरी मी ऐकली असती. त्यांनी खोटं बोलावं, पण समोर बसून बोलावं.

चाळिसावा होऊन गेल्यावर ती देवरूखची मुलगी भेटायला आली. आता ती दापोलीला शेतीचं शिकत होती, पहिल्या एसटीने निघून आली होती. पाणी प्यायली, खुर्चीच्या टोकावर बसली आणि पिशवीतून एक घडी केलेला कागद काढला. माझंच पत्रक होतं, चार प्रश्नांचं.

‘बाई, मी तेव्हा मामाचं पत्रक दिलं होतं तुम्हाला,’ ती म्हणाली. ‘हे आजोबांचं. द्यायचं नव्हतं.’

तिने सांगितलं ते असं. त्या तासानंतर आठेक दिवसांनी, शाळा सुटल्यावर अब्बा तिला बस स्टॉपवर भेटले. तिचीच वाट बघत होते. म्हणाले, ‘बाळा, तू मना पान्याचा विचारलंस आनि मी तुझ्याशी खोटा बोललो. दुसऱ्या कोनाशी बोललो असतो तर चाललं असतं.’ मग ते बोलत राहिले आणि तिने दोन बसगाड्या सोडल्या. तिच्या दप्तरात कोरं पत्रक होतं, ती लिहीत गेली, त्यांनी नको म्हटलं नाही. शेवटी एवढंच म्हणाले, ‘माझ्या हयातीत बाईंना दाखवू नको. तिच्यापुढं मना बापच राहू दे.’

मी कागद उघडला. शाळकरी, गोल अक्षर. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं चाच्यांनी सांगितली तशीच होती: नळ वेगळे, ते कंपनीचा साहेब ठरवायचा. तिसरा प्रश्न होता, वेगळं ठेवण्याचं काम कोणाकडे असायचं? त्यापुढे दोनच शब्द होते. माझ्याकडे होतं.

चौथं उत्तर पानाच्या मागच्या बाजूला गेलं होतं. ते मी इतक्यांदा वाचलंय की जवळपास पाठ आहे. थंड पाण्याच्या नळाच्या खोलीची चावी माझ्याकडे असायची. मला थोडं अरबी यायचं आणि मी भांडणतंटा करत नसे, म्हणून दिली. आमच्या लोकांना थंड पाणी, आफ्रिकेतल्या माणसांना बाहेर उन्हातली टाकी. त्यातला एक सुदानचा होता, उंच. नमाजाला आम्ही खांद्याला खांदा लावून उभे राहायचो. कडक उन्हाळ्यात एका दुपारी तो डबा घेऊन आला. टाकीचं पाणी पिववत नाही म्हणाला, एवढा एक भरून दे. सुपरवायझर समोरच बसला होता. माझा रजेचा अर्ज त्याच्या टेबलावर होता, सही व्हायची होती. मी कुलूप लावलं. तो रिकामा डबा घेऊन गेला आणि फाटकापाशी पडला. त्याला गाडीत घालून नेलं. तो परत आला नाही. जिवंत राहिला का, मी विचारलं नाही. विचारायला नाव लागतं, तेसुद्धा मी कधी विचारलं नव्हतं. रजा मंजूर झाली. त्या महिन्याच्या शेवटी मी घरी आलो. मुलगी नऊ वर्षांची होती, बंदरावर घ्यायला आली होती.

मी कागद मांडीवर ठेवला. ती मुलगी म्हणाली, ‘बाई, आजोबा वाईट नव्हते.’ ज्या मुलीच्या वाडीची विहीर वेगळी होती ती मला हे सांगत होती. मग मी रडले, तिच्यासमोर, मोठ्याने. बाईपणाचा आब वगैरे काही उरला नाही.

ती रजा मला आठवते. आठवते काय, माझ्याकडे लहानपण म्हणून जे काही आहे ते तेच आहे. अब्बा रोज मला खाडीतल्या तरीच्या होडीवर घेऊन जायचे. दाभोळहून पलीकडे वेलदूरला जायचं आणि तिथे न उतरताच त्याच होडीतून परत यायचं. होडीचा तांडेल वैतागायचा. अब्बा माझा हात सोडायचे नाहीत, पाण्याकडे बघत राहायचे, आणि मी त्यांच्या दंडाला टेकून बसायची. काही बोलत नसत, आणि मला काही बोलायला नकोच होतं. निघायच्या दिवशी मी त्यांच्या बॅगेवर बसून राहिले, दोघांनी मिळून मला उचललं. पुढची कित्येक वर्षं मी त्या दीड महिन्यावर काढली. त्यांना त्या पाण्याकडे बघताना काय दिसत असेल, हे आता मला कळतं, आणि तरीही ते दिवस मला परत हवे असतात. तेच. तसेच. याचीही मला लाज वाटते.

धडा मी त्यानंतरही शिकवत राहिले. बाकांच्या बसमध्ये एक चिठ्ठी वाढवली, कंडक्टरची. लोकांना उठवायचं काम त्याचं. ती चिठ्ठी ज्याला मिळते ते मूल आधी खूश होतं आणि पंधरा मिनिटांत गप्प होतं. पण ते पत्रक मी वर्गात नेलं नव्हतं. एकदा त्यांना फळ्यावर मांडून झालं होतं, पुन्हा हिंमत नव्हती. यंदा नेलं. जिने ते लिहिलं तिलाच फोन करून विचारलं, नेऊ का? ती म्हणाली, ‘न्या बाई. पण या वेळी फळ्यावर काही लिहू नका.’

मी फळ्यावर काही लिहिलं नाही. खुर्चीत बसले आणि चारही उत्तरं वाचली. हे माझे वडील, असं आधीच सांगितलं होतं. वाचून झाल्यावर कागदाची घडी केली. मग पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिचा बाप आत्ता तिकडेच आहे, हे मला माहीत आहे. तिने सरळ विचारलं, ‘बाई, त्यांनी पाणी द्यायला पाहिजे होतं ना?’

‘हो,’ मी म्हटलं. ‘द्यायलाच पाहिजे होतं.’

‘मग त्यांना रजा मिळाली नसती.’

‘नसती मिळाली.’

ती खाली बसली नाही. ‘तुम्हाला तेव्हा कोणी विचारलं असतं, तर तुम्ही काय सांगितलं असतं?’

बावीस वर्षं मी हा विषय शिकवते. काय उत्तर द्यायला हवं ते मला पाठ आहे, आणि त्या मुलांनाही पाठ झालं असावं, कारण सगळा वर्ग त्याचीच वाट बघत होता.

‘मी सांगितलं असतं,’ मी म्हटलं, ‘की अब्बा, कुलूप लावा आणि घरी या.’